रिप्सॅलिसच्या फांद्या दर ऑक्टोबरात सुरकुततात? पाणी घालण्याआधी कुंडी उचलून बघा

लटकत्या कुंडीतल्या रिप्सॅलिसची, म्हणजे हिरव्या दोऱ्यांसारख्या फांद्यांच्या लोंबत्या निवडुंगाची, तक्रार बहुतेक वेळा एकच असते आणि ती ठरल्या वेळी येते. पावसाळाभर झाड हिरवंगार असतं. गणपतीत घरी आलेल्यांनी त्याचं कौतुक केलेलं असतं. मग घटस्थापना होते, ऊन तापायला लागतं आणि आठ-दहा दिवसांत फांद्या मऊ पडतात, उन्हात वाळत घातलेल्या गवारीसारख्या दिसू लागतात. आपण साहजिकच पाणी वाढवतो. फांद्या आणखी सुरकुततात, आपण आणखी पाणी घालतो. दिवाळीपर्यंत बुडखा काळा पडतो आणि नुसता हात लागला तरी सांधे निखळून फांद्या खाली पडतात.

पुण्यातल्या माझ्या पूर्वेकडच्या गॅलरीत हे सलग तीन वर्षं झालं. दर वेळी वाचलेल्या शेंड्यांपासून नवीन झाड केलं आणि दर वेळी ते त्याच वाटेने गेलं. चौथ्या वर्षी हे थांबलं. त्यानंतर पाच पावसाळे झाले, फांद्या आता कठड्याच्या खाली हातभर लोंबतात. काय बदललं ते सगळं खाली लिहिते आहे, कारण ज्यांच्याकडे हे झाड जातं त्यातले बरेच जण पहिल्या दोन वर्षांतच ‘हे आपल्याकडे जगत नाही’ म्हणून सोडून देतात. हे झाड आपल्याकडे उत्तम जगतं.

दुखणं जुलैचं, लक्षण ऑक्टोबरचं

मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट आधी सांगते. ऑक्टोबरात दिसणारं सुरकुतणं ऑक्टोबरात सुरू झालेलं नसतं. मुळं जुलै-ऑगस्टमध्येच कुजलेली असतात. तेव्हा आपल्याला कळत नाही, कारण या झाडाला पानं नाहीत. त्या हिरव्या दोऱ्या म्हणजेच खोड, त्याच अन्न तयार करतात आणि त्यांच्यातच पाणी साठवलेलं असतं. पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की झाडातून पाणी फारसं उडत नाही. मुळं गेलेली असली तरी साठ्यावर दीड-दोन महिने सहज निघतात. पाऊस परततो, हवा कोरडी होते, ऊन चटके देऊ लागतं, तेव्हा झाड खालून पाणी मागतं आणि खाली मागायला मुळंच उरलेली नसतात.

म्हणजे सुरकुतलेली फांदी ‘मला पाणी हवंय’ एवढंच सांगते. ‘कुंडीत पाणी नाही’ असं ती सांगत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या एकच धरल्यामुळे माझी तीन झाडं गेली.

चिपळूणच्या आंब्यावरचं झाड

हे मला माझ्या मामीमुळे कळलं. दुसऱ्या वर्षी वाचलेल्या फांद्यांतली वीतभर एक मी तिला चिपळूणला नेऊन दिली होती. तिने ती परसातल्या आंब्याच्या बेचक्यात ठेवली, थोडा नारळाचा काथ्या गुंडाळला आणि सुतळीने बांधून टाकली. कुंडी नाही, माती नाही. तिसऱ्या वर्षी माझं झाड पुन्हा सडलं, आणि त्याच दिवाळीत चिपळूणला गेले तर तिथे बेचक्यातून खाली दाट झुपका लोंबत होता.

चिपळूणला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पुणे शहरात सातशेच्या आसपास. पाऊस जर या झाडाला मारत असता तर मामीचं आधी मरायला हवं होतं. मी विचारलं, “मामी, तू याला पाणी किती घालतेस?” ती म्हणाली, “अगो, मी कशाला घालू? पाऊस घालतो. आणि तो थांबला की तासाभरात साल कोरडी होते बघ.”

तिच्या शेजारणीने मात्र ते बांडगूळ समजून काढून टाकायला सांगितलं होतं. हा गैरसमज खूप ठिकाणी होतो, म्हणून सांगते. बांडगूळ आपली शोषकमुळं फांदीत घुसवून झाडाचा रस ओढतं. रिप्सॅलिस फांदीवर फक्त बसतं. आपल्याकडे सह्याद्रीत सीतेची वेणी ही आमरी (ऑर्किड) जशी झाडावर बसते आणि त्याच्याकडून काहीच घेत नाही, तसंच हे. अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. सालीच्या फटीत, शेवाळात, अडकून कुजलेल्या पाल्यात त्यांची मुळं असतात. दिवसातून चारदा भिजतात आणि चारदा सुकतात. त्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. इंग्रजीत या झाडाला मिसलटो कॅक्टस म्हणतात आणि मिसलटो म्हणजे तिकडचं बांडगूळच. दोघांची पांढरी फळं सारखी दिसतात म्हणून हे नाव पडलं, बाकी नातं काही नाही.

नर्सरीत जे सर्रास मिळतं ते रिप्सॅलिस बॅक्सिफेरा. निवडुंगाचं सगळं कुळ अमेरिका खंडांतलं. आपल्या माळावरचा फड्या निवडुंगसुद्धा तिकडून आलेला. पण ही एकच जात अशी आहे की जी फ्लोरिडापासून ब्राझील-अर्जेंटिनापर्यंत सापडतेच, शिवाय आफ्रिकेतल्या उष्ण जंगलांत, मादागास्करमध्ये आणि श्रीलंकेतही रानात आढळते. समुद्र ओलांडून ती पक्ष्यांबरोबर गेली की जहाजांबरोबर, यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. आपल्या कामाचा मुद्दा असा की या सगळ्या ठिकाणी ती बहुतेक भरपूर पावसाच्या जंगलात, झाडांवर वाढते. ‘कॅक्टस’ हा शब्द ऐकून तिला वाळू आणि रणरणतं ऊन देणं जितकं चुकीचं, तितकंच तिला मनीप्लांटसारखं सदा ओल्या मातीत ठेवणं चुकीचं. घरोघरी असलेलं ब्रह्मकमळ याच कुळातलं आणि झाडावरच वाढणारं आहे. ज्यांच्याकडे ब्रह्मकमळ पावसाळ्यात बुडाशी सडतं त्यांनाही हे सगळं लागू पडेल.

आधी निदान करा

फांद्या सुरकुतल्या की झारी बाजूला ठेवा आणि कुंडी हातात उचला. हलकी लागली तर तहान. जड लागली तर मुळं गेली. एवढी एक परीक्षा पुरते, बोट खुपसून बघण्यापेक्षा ती बरी, कारण वरचा इंचभर थर कोरडा असतो आणि खाली चिखल असतो.

मी यासाठी बॅग तोलायचा ताणकाटा वापरते. कुंडी लटकतीच असल्यामुळे आकड्याला अडकवली की झालं. माझी सात इंची प्लास्टिकची कुंडी पूर्ण भिजून निथळल्यावर १८५० ग्रॅम भरायची आणि पार सुकल्यावर १०५० ग्रॅम. काटा आणल्यावर वर्षभर वजनं लिहून ठेवली तेव्हा दिसलं की एप्रिलमध्ये जे पाणी ४-५ दिवसांत उडून जातं, त्याच पाण्याला जुलैत १६ दिवस लागतात. १६ दिवस ओल्या राहणाऱ्या कुंडीत मी आधीची तीन वर्षं दर तिसऱ्या दिवशी आणखी पाणी घालत होते, शिवाय वाऱ्याबरोबर पावसाची झड येत होती ती वेगळी.

कुंडी हलकी असेल तर बादलीत पाणी घेऊन ती वीस मिनिटं बुडवून ठेवा, नुसतं वरून घालू नका. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एकदा खडखडीत वाळलं की लगेच पाणी धरत नाही, ते कडेने घळाघळा निघून जातं. भिजवल्यानंतर दोन-तीन दिवसांत फांद्या पुन्हा गोल, टणक व्हायला हव्यात. नाही झाल्या तर कुंडी हलकी असली तरी मुळं गेलेली आहेत असं समजा.

काही गोष्टी दुखणं वाटतात पण नसतात. जुन्या फांद्यांचा बुडाकडचा भाग तपकिरी, खरखरीत, सालीसारखा होतो. तो टणक असेल तर ते फक्त वय आहे. दाबल्यावर पाणी सुटलं किंवा आंबूस वास आला तर ती कूज. फांद्यांना मध्येच बारीक पांढरट-गुलाबी दोऱ्यासारखी मुळं फुटतात, दमट हवेत ती फुटणारच. मात्र फांद्या सुरकुतलेल्या आणि अशी मुळं एकदम खूप फुटलेली, असं दोन्ही दिसलं तर झाड खालची मुळं सोडून हवेतून पाणी शोधतंय, आणि उशीर न करता कुंडी उपसायला हवी. फांद्या लालसर-पिवळ्या झाल्या तर ऊन जास्त. शेंडे सुतासारखे बारीक होत चालले तर उजेड कमी.

आणि एक खात्री सुरुवातीलाच करून घ्या. काही ठिकाणी या नावाखाली शेराचं रोप दिलेलं मी पाहिलं आहे, लहानपणी दोन्ही हिरव्या काड्याच दिसतात. एक काडी मोडा. पांढरा चीक आला तर तो शेर, तो निवडुंगच नव्हे. तो चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, लगेच हात धुवा. रिप्सॅलिसमधून फक्त पाणचट रस येतो.

कुंडी जड आणि फांद्या सुरकुतलेल्या असतील तर

त्याच दिवशी झाड बाहेर काढा. वर्तमानपत्रावर उपडं करून माती हलकेच झटका, मग मुळं साध्या पाण्यात धुवा. चिमटीत धरून एकेक मूळ ओढून बघा. जिवंत मूळ टणक असतं, पांढरट किंवा फिकट बदामी. मेलेल्याची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत नुसता दोरा उरतो. ती सगळी कापून टाका. कात्री आधी स्पिरिटने पुसा, आणि कुजलेला भाग कापल्यावर पुन्हा पुसा.

मुळांचा गठ्ठा सोडवताना मधोमध बघा. बऱ्याच रोपांच्या पोटात नर्सरीतली जाळीची छोटी पुडी तशीच राहिलेली असते, कलम रुजवताना वापरलेली. माझ्या पहिल्या झाडात ती होती आणि आतलं कोकोपीट लगद्यासारखं झालं होतं. बाहेरची माती कितीही चांगली बदला, हा ओला गोळा आत असेपर्यंत कूज तिथूनच सुरू होते. जाळी कापून काढून टाका.

निम्म्याहून जास्त मुळं जिवंत असतील तर झाड एक-दोन दिवस सावलीत उघडं ठेवा आणि मुळांचा गठ्ठा जेमतेम मावेल एवढ्याच कुंडीत लावा. पाणी पाच-सहा दिवसांनी. या पाच दिवसांत फांद्या सुरकुतलेल्याच दिसतील आणि हात झारीकडे जाईल, पण थांबा. फांद्यांवर संध्याकाळी पाण्याचा फवारा मारायला हरकत नाही.

मुळं जवळजवळ नसतीलच, किंवा बुडखा काळा असेल, तर जुनं झाड वाचवण्यात वेळ घालवू नका. वरच्या चांगल्या फांद्या घ्या, शक्यतो सांध्यावर पिळून तोडा, चार बोटं लांबीचे तुकडे पुरे. सावलीत तीन-चार दिवस वाळू द्या, तोंड कोरडं, पांढरट झालं पाहिजे. मग एकाच लहान कुंडीत आठ-दहा तुकडे जवळजवळ, सेंटिमीटरभर आत खोचा. एकच तुकडा लावला तर झाड अनेक वर्षं केविलवाणं दिसतं. सुरकुतलेला तुकडासुद्धा रुजतो, फक्त तो आतून कुजका नको: कापल्यावर मधला गाभा स्वच्छ हिरवट-पांढरा हवा, तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापा. तीन आठवड्यांत मुळं धरतात, आणि शेंड्याला नवीन फिकट हिरवा कोंब दिसला की काम झालं. मी बुरशीनाशक वापरत नाही. तोंड नीट वाळवलं तर मला त्याची गरज कधी पडली नाही.

मातीच बदलायला हवी

नर्सरीतली लाल माती आणि शेणखत हे गुलाबाला ठीक, या झाडाला नाही. नुसतं कोकोपीटही नको. आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी ते धरून ठेवतं, आणि पावसाळ्यात ते सोडत नाही. मला जमलेलं मिश्रण असं: नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे निम्मे, पाव भाग लोणारी कोळशाचे तुकडे, आणि उरलेल्या पावात पर्लाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) आणि चाळलेलं गांडूळखत सारखं-सारखं. सोडणाचे तुकडे आधी दोन-तीनदा पाणी बदलून भिजवून घ्या, त्यांच्यात बऱ्याचदा क्षार असतात. कुंडीत वरून पाणी ओतलं की ते तळातून लगेच धो-धो बाहेर आलं पाहिजे. वर क्षणभरही तळं साचलं तर मिश्रण बारीक झालं. सोडण दोन-तीन वर्षांत कुजून बारीक होतंच, तेव्हा ते बदलायचं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर अचानक त्रास सुरू झाला तर बहुधा हेच कारण असतं.

लटकत्या प्लास्टिक कुंड्यांना खाली बशी चिकटवलेली येते. ती काढून टाका. खालच्या घरात पाणी पडेल या भीतीने मी ती तीन वर्षं ठेवली, आणि तिच्यात बोटभर पाणी कायम असायचं. आता पाणी घालताना कुंडी न्हाणीघरात नेते, निथळली की परत टांगते.

तळाला खापऱ्या आणि विटांचे तुकडे भरायची आपली जुनी सवय इथे कामाची नाही. पाणी बारीक मातीतून जाड तुकड्यांत सहजासहजी उतरत नाही, ते वरच्या मातीतच अडून राहतं. म्हणजे खापऱ्यांचा थर जितका जाड, तितका ओला पट्टा मुळांच्या जवळ. भोकावर एक खापरी पुरे. त्याऐवजी नायलॉनच्या दोरीचा वीतभर तुकडा भोकातून निम्मा आत, निम्मा बाहेर लोंबता ठेवा. तळाशी अडलेलं पाणी दोरी धरून बाहेर ठिबकतं. पाणी घातल्यावर दहा मिनिटं त्या टोकाकडे बघत बसा, किती पाणी अडलेलं होतं ते दिसेल.

ज्यांच्याकडे अंगण किंवा गच्चीवर मोठं झाड आहे त्यांनी कुंडीच्या भानगडीत न पडता मामीसारखं फांदीवर बांधावं. माझ्या मते हीच सगळ्यात चांगली पद्धत. मे महिन्यात ते थोडं सुरकुततं, अधूनमधून नळीने भिजवावं लागतं, आणि पहिल्या पावसात चार दिवसांत फुगतं.

वर्षाचं वेळापत्रक

जून ते सप्टेंबर कुंडी झड येणार नाही अशा ठिकाणी, पण वाऱ्यात. घरात आत, बंद खिडकीपाशी नेऊ नका. तिथे पाऊस लागत नाही पण कुंडीही सुकत नाही. पाणी फक्त वजन बघून. माझ्याकडे पुण्यात हे दोन आठवड्यांतून एकदा होतं. कोकणात कुंडीत ठेवलं असेल तर पावसाळ्यात काहीच घालावं लागणार नाही.

ऑक्टोबर लागायच्या आधी, म्हणजे गौरी-गणपती झाले की, एकदा झाड कुंडीतून अलगद उचलून मुळं बघा. मिश्रण भरड असलं की गठ्ठा सहज निघतो. मुळं गेली असतील तर ती या वेळी कळतात, फांद्यांत अजून पाणी असतं, तुकडे भराभर रुजतात. महिनाभराने हेच काम करायला गेलात तर हातात सुकलेल्या दोऱ्या असतात.

मार्च ते मे चार-पाच दिवसांनी भरपूर पाणी. सकाळचं ऊन नऊ-साडेनऊपर्यंत चालतं, पश्चिमेचं अजिबात नाही. याच दिवसांत सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं, ते जड असतं. कुंडीच्या कडेला पांढरी खरवड दिसू लागली की क्षार साठले. फांदीवर वाढणाऱ्या झाडाला पावसाचं पाणी मिळतं, त्याच्या मुळांना इतके क्षार सोसत नाहीत. महिन्यातून एकदा कुंडीच्या तिप्पट पाणी वरून ओतून धुऊन काढा. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी साठवता आलं तर उत्तम. द्रवरूप खत पाकिटावर लिहिलंय त्याच्या चौथ्या हिश्शाने, महिन्यातून एकदा, फक्त वाढीच्या दिवसांत.

मुळं चांगली, पाणी बरोबर, तरी झाड सुरकुततंय

मग पिठ्या ढेकूण बघा. सांध्यांमध्ये कापसासारखे ठिपके दिसतात, ते सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपून काढा. त्याचा एक प्रकार मुळांवर असतो आणि तो वरून दिसतच नाही. कुंडीतून गठ्ठा काढला की कडेने पीठ शिंपडल्यासारखं दिसतं. पर्लाइटशी गल्लत होते, पण पर्लाइट चिमटीत चुरडतं आणि हे चिकट लागतं. सगळं मिश्रण फेकून द्या, मुळं धुवा, कुंडी गरम पाण्याने घासा. कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिलि, त्यात साबणाचे दोन-चार थेंब, संध्याकाळी फवारा, दर आठवड्याला असं तीनदा.

फुलं न येण्याची तक्रार वेगळी आणि सोपी. नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत पाणी कमी करा आणि रात्री झाड बाहेरच राहू द्या. दहा अंशांखाली पारा जाईल अशा रात्री मात्र आत घ्या. माझ्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत फांद्यांच्या कडेने पांढरी, मुगाच्या डाळीपेक्षा जराशी मोठी फुलं येतात, आणि त्यानंतर फळं धरतात: भिजवलेल्या साबुदाण्यासारखी, अर्धपारदर्शक, आत काळ्या बारीक बिया. बी चिकट असतं. पक्षी फळ खातो आणि चोच फांदीला पुसतो, बी तिथेच चिकटतं. तुम्हीही एक फळ ओल्या सोडणाच्या तुकड्यावर चिरडून बघा. दोन-तीन आठवड्यांत रोपं उगवतात, आणि त्या कोवळ्या रोपांवर बारीक केसाळ काटे असतात. मोठ्या झाडावर ते दिसत नाहीत.